आमसुली रंग ट्यूबमध्ये मिळत नाही

आमच्या कलादालनाच्या व्हरांड्यात एक बाकडं आहे. त्यावर मी तीन रविवार बसले. नातीला आत चित्रकलेच्या वर्गात सोडायचं, पिशवीतून सुईदोरा काढायचा आणि दहा ते बारा एवढ्या वेळात दोन साड्यांचे फॉल लावून मोकळं व्हायचं, असा माझा हिशोब. चौथ्या रविवारी पाऊस असा आडवा आला की बाकडं, मी आणि गिऱ्हाइकाची साडी, तिघंही भिजायला लागलो. बेळगावचा जुलैचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. इथे छत्री फक्त डोक्यापुरती. आतून सरांनी हाक मारली, "अक्का, ओळगे बन्नी." आत या. गेले. त्या गोष्टीला आता दोन वर्षं होतील, आणि बाकड्यावर दुसरी कुणाची तरी आजी बसते.

दालनाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पुढे दोन-चार तक्रारी करणार आहे, आणि पुढच्या रविवारी मला तिथेच जायचंय.

माझं थोडक्यात सांगते. माहेर वडगाव, सासर अनगोळ. सव्वीस वर्षं घरात फॉल-पिकोचं काम करते. मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, सून शाळेत शिकवते, त्यामुळे नातीची ने-आण माझ्याकडे. चित्रकलेशी माझा संबंध सातवीपर्यंत. तोसुद्धा कमळ, पोपट आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य एवढाच. बेळगावात राहून डोंगरांमधून सूर्य का काढायचो, देव जाणे. आमच्याकडे तो उगवतो माळावर.

वर्गाच्या पत्रकावर 'सर्व वयोगटांसाठी' असं छापलं होतं. ते वाचून मी समजले, पाचवी ते दहावी. आत गेल्यावर पाहिलं तर सगळ्यात लहान मुलगा आठ वर्षांचा आणि सगळ्यात मोठे गृहस्थ चौऱ्याहत्तरचे. त्यांना सगळे पेंटरमामा म्हणतात. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या कधीकाळी त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आला आणि ब्रश खुंटीला गेले. मधल्या वयात दोन कॉलेजच्या मुली, एक बँकेतले, एक नर्सबाई रात्रपाळी करून थेट येतात आणि अर्ध्या वर्गात पेंगतात. बाकी सगळी पोरं. पहिल्या दिवशी मला जागा मिळाली ती त्या आठ वर्षांच्या मुलाशेजारी. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, आपली पाण्याची वाटी माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाला, "आज्जी, ब्रश तोंडात घालायचा नाही हं." सुईत दोरा ओवताना टोक ओठांत धरायची माझी सवय, ब्रशही तसाच गेला होता.

सरांचं बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे वर्गात कुणी बघत नाही. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'निधान'. कन्नडात निधान म्हणजे सावकाश. कुणी घाईने ओल्या रंगावर रंग चढवायला लागलं की मागून येतं, "निधान, निधान." मराठीत निधान म्हणजे ठेवा. आधी मला वाटायचं, हे चित्राचं कौतुक करतायत, ठेवा म्हणतायत. महिनाभर मी खूश होते.

पावसाळ्यात निधानला पर्यायच नसतो. जलरंगाचा पहिला हात दिला की कागद वाळायला अर्धा तास. हवाच इतकी ओली की कागद वाळायचं नाव घेत नाही. पातळ कार्ट्रिज पेपर तर पाणी लागलं की पापडासारखा फुगतो, आणि रंग त्या खळग्यांत जाऊन साचतो. सरांनी मग दाखवलं, कागद आधीच दोन्ही बाजूंनी ओला करायचा, फळीवर ताणून कडेने टेप मारायची आणि रात्रभर सोडायचा. सकाळी ढोलक्याच्या चामड्यासारखा ताठ. हे माझ्या लगेच डोक्यात बसलं. कापड ताणल्याशिवाय त्यावर सरळ टीप पडत नाही, मग कागदाचं वेगळं काय असणार? पोरं मात्र केसांच्या ड्रायरवर भरवसा ठेवतात. एकाने घरून आणला होता. दोन मिनिटांत आकाशाचा रंग सगळा एका कोपऱ्यात पळाला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात सरांनी फळ्यावर रंगांची नावं लिहायला सांगितली. ज्याला जितकी येतील तितकी. पोरांनी लाल, पिवळा, निळा, पिंक, स्काय ब्लू असं सुरू केलं. कॉलेजच्या मुलींनी ट्यूबवरची नावं लिहिली: क्रिमसन लेक, व्हिरिडियन, बर्न्ट सिएना. माझी पाळी आली तेव्हा खडू हातात घेतला आणि थांबताच येईना. मोरपंखी, अबोली, आमसुली, गुलबक्षी, शेवाळी, विटकरी, किरमिजी, मोतिया, श्रीखंडी, डाळिंबी, वांगी, राखाडी, पोपटी, तपकिरी, लिंबू, केशरी, गव्हाळ. फळ्यावरची जागा संपली. पोरं बघतच राहिली. त्यात माझी हुशारी काही नाही. वडगाव-शहापुरात त्या काळी घरोघरी माग होते. आमच्या घरी दोन हातमाग, नंतर एक यंत्रमाग आला. रंगवलेल्या सुताच्या लड्या यायच्या आणि त्या रंगाच्या नावानेच घरात हिशोब चालायचा. "आज आमसुली संपव, उद्या मोतिया घेऊ." पुढे फॉलचं काम धरलं तर तिथेही तेच. साडी आमसुली असेल आणि फॉल डाळिंबी लावला, तर दुसऱ्या दिवशी बाई दारात उभी. पन्नास वर्षं मी रंगांची नावं घेत आलेय, पण एकही रंग कधी तयार केला नव्हता. ते काम रंगाऱ्याचं.

सर म्हणाले, "यातला कुठला ट्यूबमध्ये मिळत नाही?"

मी म्हटलं, "आमसुली."

"मग करा."

आमसुली म्हणजे लाल नव्हे, तपकिरी नव्हे आणि जांभळाही नव्हे. वाळलेलं आमसूल उजेडात धरलं की कडेला लालसर दिसतं आणि मध्ये जवळजवळ काळं, तो रंग. मी क्रिमसनमध्ये काळा घातला. मेला. सगळा चिखल झाला. पुन्हा क्रिमसन, त्यात तपकिरी. विटकरीकडे गेला. शेजारचा आठ वर्षांचा म्हणाला, "थोडा निळा टाक की." टाकला, तर जांभूळ. बारा वाजत आले तेव्हा सर येऊन बसले आणि माझ्या बशीत क्रिमसनच्या शेजारी व्हिरिडियन हिरव्याचा हरभऱ्याएवढा ठिपका ठेवला. म्हणाले, "ब्रशच्या टोकाला लागेल तेवढाच." लालाला हिरवा मारतो. दोन्ही रंगचक्रात एकमेकांच्या समोरचे रंग. एकात दुसरा थेंबभर घातला की रंग खोल जातो, जास्त घातला की मरतो. काळ्याने रंग नुसता झाकला जातो, हिरव्याने तो आतून गडद होतो. ब्रशचं टोक लावलं, फिरवलं आणि समोर आमसुली. अगदी लडीवरचा. वर चिमूटभर बर्न्ट सिएना घातल्यावर जी थोडी उणीव होती तीही भरली.

त्या दिवशी घरी येताना दुसऱ्या रेल्वे गेटात आम्ही वीस मिनिटं अडकलो. मी नातीला सगळ्या स्कूटरवाल्या बायकांच्या ओढण्यांचे रंग कशात काय घालून होतील ते सांगत होते. ती म्हणाली, "आज्जी, मोठ्यानं नको, त्या बघूलेत."

रंगाचा दुसरा धडा पेंटरमामांकडून मिळाला. ते म्हणतात, पाटीवर सगळ्यात आधी जातो तो लाल. उन्हात ठेवलेल्या जुन्या बोर्डावर निळं, काळं टिकून असतं, लाल अक्षरांची जागा नुसती फिकट. आमच्याकडे यालाच कच्चा रंग म्हणायचे. नवी साडी आली की आई पदराचं टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासायची. सरांनी सांगितलं की अ‍ॅलिझरीन क्रिमसन, म्हणजे मंजिष्ठाच्या जातीच्या झाडांच्या मुळांतून निघणारा लाल, जो १८६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवला, तो उजेडात हळूहळू उडतो. म्हणून मोठ्या संग्रहालयांत कागदावरची चित्रं मंद उजेडात ठेवतात, पन्नास लक्सच्या आसपास (लक्स म्हणजे उजेडाचं माप). माझ्या शिवणयंत्रावरचा दिवासुद्धा त्याहून कितीतरी जास्त असेल. आमच्या दालनात दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट भिंतीवर येतं. ही माझी पहिली तक्रार. पडद्यासाठी दोनदा अर्ज केलाय. शेवटी मी घरून जुन्या चादरीचा पडदा शिवून नेला, तर 'परवानगी लागते' म्हणून तो अजून कपाटात आहे.

मंद उजेडावरून आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दोघं म्हैसूरला गेलो होतो, हे होते तेव्हा. जगनमोहन पॅलेसमध्ये एका अंधाऱ्या खोलीत हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र. तिने ज्योतीपुढे हात धरलाय आणि बोटांमधून लाल उजेड पाझरतोय. मी तिथून हलेना. गाइडने सांगितलं, राजा रविवर्मा. मीही पंधरा वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले. वर्गात सरांनी जलरंगातला उजेड शिकवताना त्याच चित्राचा छापील नमुना काढला आणि म्हणाले, हे आपल्या शेजारच्या माणसाचं आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. तैलरंग नाही, जलरंग. आणि दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी गीता, जी पुढे कोल्हापुरात राहत होती आणि २०१८ मध्ये एकशे दोन वर्षांची होऊन गेली. म्हणजे मी म्हैसूरला त्या चित्रापुढे उभी होते तेव्हा चित्रातली बाई बेळगावपासून दोन-अडीच तासांवर जिवंत होती. मला हे कुणी सांगितलं असतं तर गेले असते का? नसते गेले. पण माहीत असायला हवं होतं.

सरांना त्या चित्रातून दाखवायचं होतं ते वेगळंच. जलरंगात उजेड लावता येत नाही. तो कागदावर आधीपासून असतो. आपण फक्त बाजूचं गडद करत जायचं आणि उजेडाच्या जागेवरून हात मागे घ्यायचा. हे पेंटरमामांना अजिबात जमत नाही. चाळीस वर्षं त्यांनी एनॅमल लावलाय. पांढरं हवं तर पांढरा डबा उघडायचा. ते कागदावर मोकळी जागा दिसली की अस्वस्थ होतात. एकदा नातीच्या चित्रातली ढगांची जागासुद्धा त्यांनी 'भरून' दिली. ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

बेळगावात चित्रकार काही कमी झाले नाहीत. के. बी. कुलकर्णी सरांनी इथे चित्रमंदिर चालवलं, रवी परांजपे १९३५ साली इथेच जन्मले आणि के.बीं.च्या हाताखाली शिकले. टिळकवाडीत के.बीं.च्या नावाचं कलादालनही आहे. पण वडगावात आमच्या गल्लीत ही नावं मी कधी ऐकली नाहीत. दालनात जाऊ नका असं कुणी म्हणत नव्हतं. पण तिथे जायला काहीतरी काम लागतं, असं आम्हांला वाटायचं. बँकेत जायला जसं पासबुक लागतं तसं. फुकट बघायला मिळतं, चपला काढाव्या लागत नाहीत आणि कुणी 'काय पाहिजे' असं विचारत नाही, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं, तेही पावसामुळे.

मध्ये एक महिना मातीकाम झालं. माती खानापूरहून आली होती. खानापूरला केंद्र सरकारची ग्रामीण कुंभारकामाची संस्था आहे आणि तिथली माती चांगली, हे कौलांमुळे सगळ्यांना ठाऊक. पोरांनी गणपती केले. मी एक वांगं केलं ते भाजताना फुटलं. आत ओल राहिली की फुटतं. मातीकामाबद्दल याहून जास्त मला काही सांगायचं नाही.

डिसेंबरात सरांनी जाहीर केलं की संक्रांतीनंतर वर्गाचं प्रदर्शन, आणि प्रत्येकाने एक चित्र आठवणीतून काढायचं. विषय: आपल्या घरातलं काम. नातीने तिच्या बाबांची फाउंड्री काढायची ठरवली, जी तिने पाहिलेलीच नाही. मी म्हटलं, सूत भरायचा रहाट.

माझ्या वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मी कांड्या भरल्या, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळलं. लाकडी रहाट, चाक डावीकडे... की उजवीकडे? इथेच घोडं अडलं. एका बाजूला चाक, दुसऱ्या टोकाला चाती म्हणजे फिरणारी सळई, दोन्हींवरून दोरी, चातीवर कांडी चढवायची, उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं. सांगता आलं, पण काढता येईना. मूठ चाकाच्या कुठल्या बाजूला? आऱ्या सहा की आठ? हजारो कांड्या भरल्या आणि वस्तू कशी दिसते तेच माहीत नाही. मी डोळे मिटले, मांडी घातल्यासारखी खुर्चीवर बसले आणि हात फिरवून बघितला. हात बरोबर गेला. मूठ माझ्याकडच्या बाजूला, किंचित खाली. डोळे उघडले तर अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. आठ वर्षांचा म्हणाला, "आज्जी आइस्क्रीम करूली."

काढलं. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "आता खरा बघून या."

रहाट माहेरी माळ्यावर होता, जुन्या गाद्यांच्या खाली. भावाने यंत्रमाग विकून सात वर्षं झाली. आता तो एका दुकानात हिशोबाला बसतो. वहिनीने नाक मुरडत शिडी लावली. "अक्का, ह्या वयात माळ्यावर चढूलीस, पडशील." धूळ झटकून रहाट खाली घेतला, सोप्यात ठेवला आणि मी त्याच्यासमोर फरशीवर बसले. आऱ्या सहा. मूठ खरंच माझ्याकडच्या बाजूला. लाकडावर जिथे अंगठा टेकायचा तिथे गुळगुळीत खळगा. पण रहाट लहान होता. माझ्या चित्रात चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं, आणि समोर होतं ते फार तर परातीएवढं. मी वहिनीला विचारलं, हा आपलाच ना? ती म्हणाली, "दुसरा कुठनं आणायचा?" मग लक्षात आलं. मी जिथून बघितलं होतं ते आठ वर्षांच्या पोरीच्या उंचीवरून. फरशीवर बसलेल्या त्या पोरीला चाक छातीपर्यंतच येत असणार.

सरांना दोन्ही दाखवलं, आठवणीतलं आणि बघून काढलेलं. त्यांनी विचारलं, कुठलं लावायचं? मी आठवणीतलंच ठेवलं, मोठ्या चाकाचं. फक्त मूठ आणि आऱ्या दुरुस्त केल्या. सुताला रंग दिला आमसुली.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात कळलं की चित्र काढणं हा त्यातला सोपा भाग. फ्रेमवाल्याने (हाही बिननावाचाच राहू दे) माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, असा कापला की माझी सही सबंध आत गेली. सही मी नुसत्या माझ्या नावाची केली होती, पुढे सौ. नाही की मागे आडनाव नाही. त्यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली होती, आणि शेवटी ती कुणाला दिसलीच नाही. काच साधी, त्यामुळे समोर उभं राहिलं की चित्राआधी छतावरची ट्यूबलाइट दिसते आणि तिच्याखाली आपलं तोंड. मग प्रश्न उंचीचा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर आला की उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो, असा सरांचा नियम. नात म्हणाली, "मग आमी काय बघायचं?" पेंटरमामांनी तिची बाजू घेतली. बरीच हुज्जत झाली. शेवटी पोरांची चित्रं तीन फुटांवर, वेगळ्या ओळीत लागली, आणि मोठ्या माणसांना ती बघायला वाकावं लागलं. सगळ्या प्रदर्शनातली मला आवडलेली गोष्ट तीच. पांढरे केस असलेले लोक कमरेवर हात ठेवून वाकतायत आणि बाजूला उभं असलेलं पोरगं त्यांना समजावून सांगतंय.

चित्रांखालच्या चिठ्ठ्या पेंटरमामांनी हाताने लिहिल्या, कन्नड आणि मराठी दोन्ही. आमच्याकडे पाटीवरच्या भाषेवरून काय होतं ते मी लिहायची गरज नाही. मामांनी त्यातच आयुष्य काढलंय. एकच पाटी त्यांनी तीन वेळा बदलून लिहिली आहे आणि तिन्ही वेळा पैसे घेतलेत. माझ्या चित्राखाली त्यांनी लिहिलं, 'राटे' आणि खाली 'रहाट'. दोन ओळींत शब्द जवळजवळ तोच. ब्रश पाण्यात बुडवत म्हणाले, "हे सोपं झालं बघ."

उद्घाटन झालं. पाहुणे तीन, शाली तीन, श्रीफळं तीन, भाषणं पाच. कुंदा आणि चहा. भाषणं संपेपर्यंत चित्रांकडे सगळ्यांची पाठ, कारण खुर्च्या स्टेजकडे तोंड करून. पाहुण्यांना कार्यक्रमानंतर दुसरीकडे जायचं होतं. ही दुसरी तक्रार. तिसरी अशी की दालन पाचला बंद होतं. उद्यमबागेतली पाळी सुटते त्यानंतर, दुकानं बंद होतात रात्री. सार्वजनिक दालन नेमकं कुणासाठी उघडं असतं? माझ्या मुलाने फाउंड्रीचं ते चित्र फोनवरच पाहिलं.

चार दिवस आम्ही आळीपाळीने तिथे बसलो. लोक काय विचारतात त्याची मी मनात यादी केली. "हाताने काढलंय?" हा पहिला. "किती दिवस लागले?" हा दुसरा. "छान आहे" म्हणून पुढचं चित्र बघायला लागणारे सगळ्यात जास्त. एका बाई माझ्या चित्रासमोर चांगल्या दोन मिनिटं थांबल्या. मला धाप लागल्यासारखं झालं. मग वळून म्हणाल्या, "तुम्ही अनगोळात फॉल लावता ना? माझ्या दोन साड्या आहेत, कधी आणून देऊ?"

शेवटच्या दिवशी पावणेपाचला भाऊ आला. दुकानातून तासभर सुट्टी काढून. चप्पल दाराबाहेर काढून आला. मी म्हटलं, घाल, इथे चालतं. तरी तो अनवाणीच. आधी सगळी भिंत न थांबता फिरला, जसं लग्नघरात आधी सगळ्यांना नमस्कार करून मग आपल्या माणसांत जाऊन बसतात. मग माझ्या चित्रासमोर उभा राहिला. पुढे गेला. चष्मा कपाळावर चढवला. काचेतल्या ट्यूबलाइटला चुकवायला डावीकडे सरकला, मग उजवीकडे. रखवालदार किल्ल्या वाजवत फिरायला लागला होता.

"चाक मोठं काढलीस," तो म्हणाला.

"मुद्दाम."

"ते असू दे." त्याने बोट काचेच्या अगदी जवळ नेलं, लावलं नाही. "दोरी ढिली आहे. चाकावरून चातीकडे येताना लोंबतीय बघ. असल्या दोरीनं चाती फिरणार नाही. कांडी भरणार कशी?"

मी बघितलं. लोंबत होती. सरांनी, पेंटरमामांनी, चार दिवसांत आलेल्या इतक्या माणसांनी ते चित्र पाहिलं होतं.

"घट्ट करून घे," भाऊ म्हणाला, आणि फ्रेम एका बाजूला जराशी कलली होती ती दोन बोटांनी सरळ केली.